वडील जग पालथं घालून आले, मुलानं घरामागच्या टेकडीवर इतिहास शोधला

बारशाला एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. घरातल्या बायका वरवंट्याला नटवतात, पाळण्याभोवती फिरवतात आणि शेवटी बाळाच्या पायाशी ठेवतात. का, असं विचारलं तर आजी सांगते, पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आपण घुगऱ्या खातो आणि विषय संपतो.

एका माणसासाठी विषय तिथं सुरू झाला. त्यानं विचार केला, हा विधी पोथीत नाही, भटजी सांगत नाहीत, तरीही ब्राह्मणांच्या घरात सुद्धा बायका तो न चुकता करतात. मग तो आला कुठून? गोल फिरणारं जातं येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस पाट्यासारख्या दगडावर धान्य भरडत होता. म्हणजे नवाश्मयुगातलं अवजार आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि त्याच्याभोवतीची श्रद्धा सुद्धा पोथ्यांपेक्षा जुनी असू शकते.

हा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. पेशानं गणिताचे प्राध्यापक.

त्यांची गोष्ट सांगायची तर आधी वडिलांची सांगावी लागते. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाबद्दल शिकायचं म्हणून बायको आणि लहान मुलगी मागं ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं फिरत पाली भाषेचे मोठे पंडित झाले आणि पुढं थेट अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोहोचले. रशियालाही जाऊन आले. त्या काळात गोव्यातल्या एका खेड्यातला माणूस एवढा हिंडला, हे आजही खरं वाटत नाही.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्याच कोसबेंचा. १९१८ मध्ये वडिलांसोबत ते अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून वरच्या दर्जाची पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढमध्ये थोडी वर्षं शिकवलं आणि १९३३ ला पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात आले. १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. घर मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेजवळ. पुणे ते मुंबई जा-ये डेक्कन क्वीननं.

आता गंमत बघा. वडिलांसारखं जग हिंडायची सोय मुलाला सहज होती. परदेशात नावही होतं, जनुकशास्त्रात आजही वापरलं जाणारं 'कोसंबी मॅप फंक्शन' हे १९४४ चं सूत्र त्यांचंच. पण इतिहासासाठी त्यांनी जो प्रवास केला तो बराचसा पायी आणि घराच्या आसपासचा.

सुरुवात नाण्यांपासून झाली. प्राचीन भारतातली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली नाणी, कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे कळायला मार्ग नव्हता. कोसंबींचा तर्क साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं आणि वजन घटतं. हा तर्क बरोबर आहे का, हे बघायला त्यांनी त्या वेळी चलनात असलेली, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातली नाणी हजारोंनी तोलली. एकेक करून. घरच्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

मग टेकडी. घरामागच्या वेताळ टेकडीवर पुणेकर तेव्हाही फिरायला जायचे. कोसंबी खाली बघत चालायचे. त्यांना नखाएवढ्या दगडी कपच्या सापडायला लागल्या. ही होती सूक्ष्मपाषाण, म्हणजे मध्याश्मयुगातल्या माणसांची कापायची, खरवडायची हत्यारं. हजारो वर्षं ती तिथंच पडून होती आणि रोज माणसं त्यावरून चालत होती.

इथून नाद वाढला. कुठल्या टेकडीवर कपच्या मिळतात, कुठं मिळत नाहीत, हे ते नोंदवत गेले. वाटेत जे देव लागत तेही बघत गेले. शेंदूर फासलेला वेताळ, म्हसोबा, गावाबाहेरच्या आया. बऱ्याच देवी वेशीबाहेर का आहेत? अनेकींना नवरा का नाही? शेंदूर कशाच्या बदल्यात आला, बळीच्या रक्ताच्या का? म्हसोबात त्यांना महिषासुर दिसत होता. मग देवी एकीकडे महिषासुराला मारते आणि दुसरीकडे तिचंच म्हसोबाशी लग्न लागतं, हे कसं? त्यांचं उत्तर असं, की वेगवेगळे मानवी गट एकत्र आले तेव्हा देवांचीही लग्नं लागली, आणि गट भांडले तेव्हा देवही भांडले.

यासाठी त्यांनी मेंढपाळांशी, घराजवळ पालं टाकणाऱ्या फासेपारध्यांशी बोलून माहिती घेतली. तेव्हाचे बरेच पंडित ग्रंथालयातून बाहेर पडत नव्हते, हे लक्षात घ्या. आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखीची वाट ही वारकऱ्यांच्याही आधीची, कळपांमागं हंगामी भटकंती करणाऱ्या माणसांची वाट असावी, असंही त्यांनी मांडलं. त्यांचे सगळेच अंदाज आज जसेच्या तसे मान्य होत नाहीत. काही ठिकाणी पुरावा थोडा आणि उडी मोठी आहे. पण विचारलेले प्रश्न मात्र इतिहासकारांना टाळता आले नाहीत. १९५६ चं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं पुस्तक आणि १९६२ चं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' यांत हे सगळं आलं आहे.

त्यांचं हे पायी काम मुख्यतः पुण्याच्या आसपासचं. पण हेच प्रश्न घेऊन जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात जाऊन बघा. तिथलं अंतरवाली सराटी २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळं महाराष्ट्राला कळलं, त्याआधी जिल्ह्याबाहेर हे नाव फार कुणी घेत नव्हतं. कॅमेरे मंडपाकडं लागले, ते साहजिकच होतं. पण याच तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि तिच्या वरच्या अंगाला पैठण आहे, सातवाहनांची राजधानी. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. टेकडीला माशाचा आकार आधी कुणाला दिसला? देवीला पहिला मान कुणाचा? जत्रेला कुठल्या गावांतून, कुठल्या वाटेनं माणसं येतात? हे प्रश्न विचारायला उपोषण लागत नाही आणि पुण्याहून कुणी यावंही लागत नाही. गावातल्या कॉलेजच्या पोरालाही ते विचारता येतात.

या सवयीची किंमतही होती. गणितज्ञानं दगड आणि देव का शोधावेत, हे अनेकांना पटत नव्हतं. त्यात ते मार्क्सवादी, तोंडानं फटकळ, जागतिक शांतता चळवळीत सक्रिय. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्या, असं ते तेव्हा म्हणत होते, आणि संस्थेचे प्रमुख होते होमी भाभा. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढं वाढवला नाही.

२९ जून १९६६ ला पुण्यातल्या घरी झोपेतच ते गेले. वय अवघं ५८. २००८ मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं.

वेताळ टेकडीवर आजही सकाळी गर्दी असते. वर वेताळबाबाचं मंदिरही आहे. येता-जाता लोक तिथं हात जोडतात आणि पुढं चालायला लागतात.