चाकरीतले सूर

१ मे १७६१ रोजी एकोणतीस वर्षांच्या एका संगीतकाराने नोकरीच्या करारावर सही केली. मालक होता हंगेरीतला बडा सरदार, प्रिन्स पॉल अँटन एस्तरहाझी. पद उपसंगीतप्रमुखाचे, पगार वर्षाला ४०० गुल्डन. अटी मात्र पगाराहून भारी होत्या. पांढरे मोजे आणि पावडर लावलेला टोप अशा वेशात वावरायचे. दिवसातून दोनदा दिवाणखान्याबाहेर उभे राहून, आज मर्जी संगीत ऐकण्याची आहे की नाही, हे विचारायचे. आणि सर्वांत जाचक अट ही, की तो जे रचेल ते मालकाचे. त्याची नक्कल बाहेर द्यायची नाही, परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी एक ओळही लिहायची नाही.

सही करणाऱ्याचे नाव होते योझेफ हायडन.

बँकेच्या नोकरीत अनेक नेमणूकपत्रे माझ्या हाताखालून गेली. कडक अटी त्यांतही असत. पण संध्याकाळी घरी जाऊन लिहिलेली कादंबरी बँकेच्या मालकीची, असे कोणी कधी म्हटले नाही. मग हायडनने ही सही का केली? त्याचे उत्तर त्याच्या आधीच्या आयुष्यात आहे.

३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातल्या रोराऊ या खेड्यात त्याचा जन्म झाला. बाप गाड्यांची चाके बनवणारा, आई सरदाराघरची स्वयंपाकीण. बापाला स्वरलिपी वाचता येत नसे; पण तो हार्प वाजवी आणि संध्याकाळी सारे घर गाई. पोराचा गळा पाहून हाइनबुर्गच्या शाळामास्तर नातेवाइकाने त्याला आपल्याकडे नेले. तेव्हा हायडन जेमतेम सहा वर्षांचा. तिथे तो अनेक वाद्ये शिकला. तिथे जेवणापेक्षा मारच जास्त मिळाला, अशी आठवण तो म्हातारपणी सांगे. पण त्या मास्तरांचे ऋणही मानी.

आठव्या वर्षाच्या सुमारास व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकमुलांत त्याची निवड झाली. गाणे भरपूर, शिक्षण मात्र बेताचे. रचनाशास्त्राचे दोनच धडे तिथल्या प्रमुखाकडून मिळाल्याचे त्याला आठवत होते. पुढे आवाज फुटला आणि सतराव्या-अठराव्या वर्षी त्याला रस्ता दाखवण्यात आला. खिसा रिकामा, डोक्यावर छप्पर नाही.

मग सुरू झाली उमेदवारी. एका माळ्यावरची खोली, किड्यांनी पोखरलेला जुना क्लेव्हियर, दिवसा शिकवण्या आणि रात्री रस्त्यावरच्या वादनाची कामे. त्याच इमारतीत मेतास्तासिओ हा नामवंत कवी राहत होता. त्याच्यामुळे निकोला पोर्पोरा या इटालियन उस्तादाची ओळख झाली. पोर्पोराच्या शिष्यांना साथ करायची, त्याची हरकामी चाकरी करायची, शिव्या खायच्या आणि त्या बदल्यात विद्या घ्यायची. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरून गाणे मिळवलेल्या गवयांच्या कथा आपण ऐकतो. ही त्याच जातीची. उरलेले शिक्षण त्याने योहान योझेफ फुक्सच्या स्वरसंयोगशास्त्रावरच्या ग्रंथातून आणि कार्ल फिलिप एमान्युएल बाखच्या रचनांतून स्वतःच करून घेतले.

ही दहा वर्षे डोळ्यांसमोर आणली, की एस्तरहाझीचा करार जाचक असूनही त्याला आधार का वाटला असेल, हे कळते. त्या पगारात त्याला आणखी एक अनमोल गोष्ट मिळाली, ती म्हणजे हाताशी असलेला वाद्यवृंद. तेव्हा हातात काठी घेऊन समोर उभा राहणारा कंडक्टर नव्हता. हार्प्सिकॉर्डवर किंवा व्हायोलिनवर बसूनच सगळ्यांना चालवावे लागे. आज लिहिलेले लगेच वाजवून बघता येई, फसले तर बदलता येई. जगापासून दूर पडल्यामुळे वेगळे काही करण्यावाचून गत्यंतरच उरले नाही, असे त्याने स्वतःच पुढे म्हटले आहे. १७६२ मध्ये निकोलाउस हा प्रिन्स गादीवर आला. त्याला बॅरिटन नावाच्या तंतुवाद्याचा नाद. त्याच्यासाठी हायडनने शंभराहून अधिक त्रिवाद्यरचना केल्या.

पण तो नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता. १७७२ मध्ये एस्तरहाझाच्या महालातला मुक्काम लांबला. वादकांपैकी बहुतेकांना बायकामुले तिथे आणण्याची मुभा नव्हती. अर्ज-विनंत्यांच्या भानगडीत न पडता हायडनने एक सिम्फनी लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक आपला तुकडा संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. अखेरीस दोनच व्हायोलिने उरतात. प्रिन्सला अर्थ समजला आणि घरी परतण्याचा हुकूम सुटला, असे सांगतात. ४५ क्रमांकाची ती सिम्फनी ‘फेअरवेल’ म्हणून आजही वाजते.

१७७९ मध्ये नवा करार झाला आणि रचनांवरच्या मालकीची ती अट त्यातून गेली. अठरा वर्षांनंतर हायडनचे संगीत हायडनचे झाले! व्हिएन्नाच्या आर्तारिया प्रकाशनाने त्याच्या रचना छापायला घेतल्या, पॅरिसहून मागण्या आल्या. तो मात्र महालातच राहिला.

सप्टेंबर १७९० मध्ये निकोलाउस वारला. वारसाने वाद्यवृंद मोडीत काढला. हायडनला वर्षासन होते, काम उरले नव्हते. तेवढ्यात योहान पेटर सालोमोन हा व्हायोलिनवादक लंडनचे निमंत्रण घेऊन दारात उभा राहिला. यावेळचा करार बघण्यासारखा आहे. ऑपेराचे ३०० पौंड, सहा सिम्फनींचे ३००, त्या छापण्याच्या हक्काचे वेगळे २००. शिवाय हमी म्हणून ५,००० गुल्डन व्हिएन्नातल्या फ्रीस बँकेत ठेवलेले. पहिल्या करारात जे फुकट लिहून दिले, त्याचीच किंमत इथे कलमवार मांडलेली होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला. लंडनच्या दोन मुक्कामांसाठी, १७९१-९२ आणि १७९४-९५, त्याने बारा सिम्फनी लिहिल्या; ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली. दोन मुक्कामांच्या मधल्या काळात तरुण बीथोव्हेन त्याच्याकडे शिकायला होता. परतल्यावर त्याने ‘क्रिएशन’ हे भव्य समूहगायन रचले. १८०८ मध्ये व्हिएन्नात ते त्याच्यासमोर सादर झाले, तेव्हा थकलेल्या हायडनला खुर्चीतून उचलून आणावे लागले होते.

३१ मे १८०९ रोजी, नेपोलियनच्या सैन्याने व्यापलेल्या व्हिएन्नात, तो गेला. पुढची गोष्ट विलक्षण आहे. कवटीवरून प्रतिभा ओळखू पाहणाऱ्या तेव्हाच्या खुळापायी त्याचे शिर थडग्यातून चोरले गेले, आणि त्या कटात एस्तरहाझींचाच एक माजी चिटणीस होता. १८२० मध्ये प्रिन्सने देह आयझेनश्टाटला हलवायला काढला, तेव्हा शवपेटीत नुसता टोप सापडला. शिर आणि धड एकत्र यायला १९५४ साल उजाडले.

एस्तरहाझींचे वैभव इतिहासात जमा झाले. त्यांचे नाव संगीतप्रेमींच्या तोंडी आज येते, ते त्यांच्या गणवेशातल्या एका नोकरामुळे. ज्या सुरांवर त्यांनी मालकी सांगितली होती, त्या सुरांनीच त्यांचे नाव टिकवले आहे.