विश्लेषण : जालन्याच्या छावणीतील डॉक्टर आणि ८६ वर्षांनी सापडलेला पक्षी

जालना म्हटले की आज स्टील, बियाणे आणि मोसंबी आठवते. भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासातही या गावाला जागा आहे. ती थॉमस जर्डन या लष्करी डॉक्टरमुळे.

कोण होते जर्डन?

जन्म १८११ चा, इंग्लंडमधील डरहॅमचा. एडिंबरात शिकून १८३६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून मद्रासला उतरले. पहिली नेमणूक गंजाम भागात. पूर्व घाटात जमवलेले पक्ष्यांचे नमुने त्यांनी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडमधील तज्ज्ञ विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवले. ते पोहोचले तेव्हा त्यांना कसर लागली होती. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. जर्डन यांनी पुढे स्वतःच्या नजरेवर आणि टिपणांवर भिस्त ठेवली.

जालन्यात काय केले?

१८३७ मध्ये त्यांची बदली मद्रास फौजेच्या घोडदळात झाली आणि त्या दळाबरोबर ते जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, छावणी मात्र कंपनीची. याच काळात, १८३९ पासून, दक्षिण भारतातील पक्ष्यांची त्यांची सूची मद्रासच्या एका नियतकालिकात छापून येऊ लागली. तिच्यात ४२० जाती होत्या. कर्नल साइक्स यांच्या १८३२ च्या दख्खनच्या सूचीपेक्षा जवळपास दुप्पट. पण आकड्यापेक्षा मोलाची होती ती सोबतची टिपणे : पक्षी कुठे राहतो, कसा वागतो, कोणत्या भागात आढळतो.

जर्डन पक्षी मारूनच अभ्यास करत. त्या काळची रीतच ती.

माळढोकाबद्दल काय लिहिले?

‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या त्यांच्या ग्रंथात (१८६२-६४) पावसाळ्यात पंचवीसहून अधिक माळढोकांचे थवे पाहिल्याची नोंद आहे. गवत आणि नाकतोडे जिकडे, तिकडे हा पक्षी हंगामानुसार सरकतो, हेही त्यांनी टिपले. सोलापूरच्या नान्नजला अभयारण्य असूनही माळढोक का टिकला नाही, याचे निदान अर्धे उत्तर या निरीक्षणात आहे. एका तुकड्यात राहणारा हा पक्षीच नव्हे. आज देशभरात मिळून तो दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे.

हरवलेला धाविक कसा मिळाला?

जर्डन यांनी मिळवलेल्या एका धाविकाला एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये शास्त्रीय नाव दिले. विरळ झुडपांच्या, खडकाळ, चढउताराच्या जमिनीवर तो राहतो, असे जर्डन यांचे टिपण होते. पुढे ब्लॅनफर्ड यांना तो आजच्या गडचिरोलीतील सिरोंचाजवळही आढळला. १९०० मध्ये अनंतपूरजवळची नोंद शेवटची ठरली. १८७२ मध्ये जर्डन वारले होते. आता त्यांच्या नावाचा पक्षीही संपला, असे मानले गेले.

शोध घ्यायचा तर हाताशी होत्या त्या जुन्या नोंदी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या भरत भूषण यांनी आंध्रातील तशाच झुडपी रानात स्थानिकांकडे चौकशी केली आणि जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात एका पारध्याने तो जिवंत पकडून दिला. पक्षी निशाचर निघाला. दिवसा शोधणाऱ्यांना तो दिसणार कसा? त्याच्यासाठी श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. पुढे तेलुगू गंगा कालव्याचे काम त्याच्या अधिवासात शिरले, तेव्हा कालव्याचा मार्ग बदलावा लागला.