बोरघाटाचे बर्कलेसाहेब

गेल्या महिन्यात आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत एक वाद रंगला होता. विषय परीक्षेचा नव्हता, मेसच्या भाजीचाही नव्हता. विषय होता गाडीचं बॉनेट!

झालं असं, की एका मित्राच्या दादाकडे परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार आहे. ती तो अधूनमधून रेसच्या ट्रॅकवर नेतो. या गाडीत पादचाऱ्यांसाठी एक खास सोय आहे. पुढच्या बंपरमध्ये सेन्सर असतात. माणसाला धडक बसली असं त्यांना वाटलं, की छोटासा स्फोटक बार उडतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बॉनेटची मागची कड काही सेंटिमीटर वर उचलली जाते. म्हणजे काय, तर पादचाऱ्याचं डोकं थेट इंजिनाच्या लोखंडावर आपटत नाही. पत्रा आणि इंजिन यांच्यात जागा मिळते, पत्रा दबतो आणि जीव वाचण्याची शक्यता वाढते. पण सेन्सर बिचारा माणूस आणि प्लॅस्टिकचा कोन यांत फरक करेलच असं नाही. ट्रॅकवर कोन उडाला, तरी बार उडू शकतो. मग नवीन ॲक्चुएटर, नवीन खर्च. म्हणून दादाने ती यंत्रणाच बंद करून ठेवली.

अर्धी विंग म्हणाली, बरोबर केलं, ट्रॅकवर पादचारी कुठून येणार? उरलेली अर्धी म्हणाली, चूक केलं. वाद काही मिटला नाही. मला मात्र आपल्याच घाटात राबलेला एक इंजिनिअर आठवला. सुरक्षेची सोय कधी ठेवायची आणि कधी काढायची, याचं उत्तर त्यांच्या घाटात मिळतं. त्यांचं नाव जेम्स जॉन बर्कले.

बर्कलेसाहेबांचा जन्म लंडनमधल्या हॉलोवे भागात २१ ऑक्टोबर १८१९ रोजी झाला. शिक्षण किंग्ज कॉलेजात. पुढे रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली ते तयार झाले. हिंदुस्थानात रेल्वे बांधायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, उभी राहिली, तेव्हा मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत उतरले. वय फक्त तीस! आपल्यातले कित्येक जण त्या वयात नोकरी बदलावी की नाही, याच विचारात असतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेपासून घोकलंय. ती लाइन बर्कलेसाहेबांच्या देखरेखीखाली झाली. पण खरी परीक्षा पुढेच होती. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री आडवा उभा. १८५६ पर्यंत रेल्वे खोपोलीला पोचली. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा रस्ताही सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळाच. प्रवाशांनी खाली उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची.

घाटाची वाट शिंगरोबा धनगराने साहेबाला दाखवली, असं आपल्याकडे लोक सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, जाता-येता गाड्या तिथे थांबतात. वाट कोणीही दाखवलेली असो, तिच्यावर रूळ टाकणं हे वेगळंच काम होतं. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचं होतं. सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १. बोगदे २५. खोल दऱ्यांवर कमानींचे मोठे पूल ८.

३७ ला १ हा आकडा रस्त्यावर काहीच वाटत नाही, स्कूटरसुद्धा सहज चढते. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती सहज घरंगळतं, ते आठवा. घर्षण सोडून दिलं, तर या उतारावर ब्रेक नसलेली गाडी एका मिनिटात ताशी सत्तावन्न किलोमीटरचा वेग घेते. कॅल्क्युलेटर काढून पडताळून पाहा. आणि त्या काळी सबंध गाडीला एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. गार्ड आणि ब्रेकवाले हाताने चाकं दाबून ब्रेक लावायचे. १८६२ साली खास घाटासाठी जी इंजिनं आली, त्यांना तर रुळावरच दाबून धरायचे घसरपट्टीसारखे ब्रेक होते.

घाट चढवताना एका अरुंद सोंडेवर पुरेसं वळण घ्यायला जागाच मिळेना. तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी सोंडेच्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. हा तोडगा जागेच्या अडचणीतून निघाला होता. पण त्यामुळे प्रत्येक गाडीला अर्ध्या वाटेत थांबणं भागच पडलं. आणि उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक तिथे लागला नाही, तर पुढे फक्त दरी!

कामाला १८५६ मध्ये सुरुवात झाली. कड्यांवर दोरांनी माणसं सोडून सुरुंगाची भोकं पाडावी लागत. पावसाळ्यात काम थंडावायचं. कॉलरा यायचा आणि मजुरांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पाडायचा. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांच्याकडून मजुरी थकली, १८५९ साली मजुरांनी दंगल केली आणि कंत्राट सुटलं. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आले, पण थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवलं. १८६१ साली या घाटात एकाच वेळी ४२,००० माणसं राबत होती. त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? एकाचंही नाही.

बर्कलेसाहेबांची एक गोष्ट मला विशेष आवडते. इथल्या लोकांना कामं द्यावीत, त्यांच्यातून कंत्राटदार तयार व्हावेत, असं त्यांचं धोरण होतं. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने जीआयपीची मोठमोठी कामं घेतली आणि नीट पुरी केली. १८६० साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे बर्कलेसाहेबांचा भारतीय रेल्वेवरचा निबंध वाचला गेला, त्यात घाटाच्या कामाची बारकाईने माहिती होती.

पण शरीराने साथ सोडली. दहा-अकरा वर्षांचं ऊन, पाऊस आणि ताप अंगावर घेऊन ते १८६१ साली इंग्लंडला परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी वारले. वय अवघं ४२. त्यांचा घाट एप्रिल १८६३ मध्ये सुरू झाला. आपण आखलेल्या घाटातून धावणारी गाडी पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

त्यांच्या कामात सगळंच निर्दोष होतं, असंही नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा पूल कोसळला. चौकशीत दगडी बांधकाम निकृष्ट निघालं. बाहेरून घडीव दगड, आत कच्चा भराव. घाईत आणि काटकसरीत वाचवलेला चुना शेवटी असा बाहेर पडतो. थोर इंजिनिअरच्या चरित्रातही हे पान ठेवायलाच हवं.

आता मूळ वादाकडे येऊ. १९२९ च्या सुमाराला घाटात वीज आली, नवा मार्ग काढला गेला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे सक्तीचा तो थांबा काढून टाकला. ते चुकलं का? मुळीच नाही. ज्या अडचणीसाठी तो थांबा होता, ती अडचणच नव्या मार्गाने संपवली होती.

पण एक गोष्ट काढली नाही. मुंबईकडे घरी जाताना तुमच्या लक्षात आलं असेल, लोणावळा सोडल्यावर गाडी मंकी हिलला थांबते, ठाकूरवाडीला थांबते. ना कोणी चढत, ना उतरत. पहिल्या वर्षी मला वाटायचं, सिग्नल बिघडला! खरं कारण आहे कॅच सायडिंग. मुख्य रुळापासून एक फाटा डोंगराच्या बाजूला वर चढत जातो आणि तिथेच संपतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, म्हणजे आपले ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध करते, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप त्या चढावर जाते आणि तिचा वेग चढणीतच जिरतो. मघाच्या हिशेबातली सत्तावन्नच्या वेगाची गाडी साधारण तेरा मीटर उंची चढली, की थांबते. एवढी साधी बारावीची फिजिक्स!

रोज शेकडो प्रवासी इथे घड्याळ बघत चरफडतात. सांधा कायमचा मुख्य मार्गाकडे लावून टाकला, तर रोज काही मिनिटं वाचतील. आणि बहुतेक दिवशी काहीही होणार नाही. तरीसुद्धा रेल्वेने तो फाटा ठेवला आहे. कारण इंजिन बदललं, ब्रेक सुधारले, पण उतार अजून तिथेच आहे.

थोडक्यात काय, तर सुरक्षेची सोय काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. धोका संपला आहे, की फक्त आपला धीर संपला आहे? बंद ट्रॅकवर पादचारी नसतात, तेव्हा दादाचं म्हणणं तिथपुरतं मान्य. पण ट्रॅकवर झेंडे दाखवणारे मार्शलही असतात, हे विसरू नका. आणि दादा गाडी ट्रॅकवरून थेट घरी आणतो. कामशेतला, कान्ह्याला, वडगावला जुन्या हायवेवर शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या घेतलेले काका, बाजारातून परतणाऱ्या मावश्या रस्ता ओलांडत असतात. त्यांना काय माहीत, की समोरून येणाऱ्या गाडीचं बॉनेट आज उचलणार नाहीये? सोय काढली दादाने, धोका मात्र पत्करायचा मावशींनी. ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडण्याआधी यंत्रणा पुन्हा चालू झाली पाहिजे. ते जमत नसेल, तर ती काढूच नये.

जाता जाता, बर्कलेसाहेबांच्या नावाने पुढे एक पारितोषिक सुरू झालं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १८८३ साली पहिला आलेल्या एका मुलाला ते मिळालं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या!

पुढच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा मंकी हिलला गाडी थांबली की चरफडू नका. खिडकीतून तो डोंगरात चढत जाणारा रिकामा फाटा शोधा. तो रिकामा आहे, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे.