बिदरच्या किल्ल्यातला एक महिना : संत दासोपंत



बिदरच्या किल्ल्याला सहल गेली होती, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले की मी मीच का झालो, शेजारच्या बाकावरचा मित्र का झालो नाही. आम्ही त्याला पाणी पिऊन रांगेत उभे राहायला सांगितले. उत्तर येत नसले की शिक्षक असेच करतात. घरी आल्यावर मात्र आम्हाला दासोपंत आठवले.

दासोपंतांचा जन्म १५५१ साली नारायणपेठच्या देशपांडे घराण्यात झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. त्या वेळी बिदरवर बरीदशाहीचा अंमल होता. परंपरा अशी सांगते की एका वर्षी दिगंबरपंतांकडून सरकारी वसूल भरला गेला नाही, म्हणून त्यांच्या कोवळ्या वयाच्या मुलाला बिदरला ओलीस ठेवले गेले. मुदत एक महिन्याची. तेवढ्यात पैसा आला नाही, तर मुलाचा धर्म बदलायचा, असे ठरले.

आता त्या मुलाचा विचार करा. महिना संपल्यावर नाव बदलेल, पोशाख, जेवण, प्रार्थना, सगळे बदलेल. मग त्या जागी जो बसेल, तो दासोच असेल की दुसरा कोणी? आईला हाक मारावीशी वाटेल ती कोणाला? त्याच्या मनात काय आले हे कथेत नाही. पण हा प्रश्न त्याच्याइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाच्या एका माणसाने येऊन सारी रक्कम भरली आणि तो नाहीसा झाला. ते प्रत्यक्ष दत्तात्रेय होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

सुटलेला मुलगा घरी फार दिवस रमला नाही. माहूर, राक्षसभुवन असे करत दासोपंत शेवटी अंबाजोगाईला स्थिरावले. गीतेवरचा त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे सांगतात. पण आम्हाला ओढ आहे ती त्यांच्या पासोडीची. सुमारे ४० फूट लांबीच्या जाड कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढले. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, कबीर आधी भेटले, दासोपंत फार उशिरा.)

पंचीकरण म्हणजे मी कशाचा बनलो याचा हिशेब. पृथ्वी, पाणी, तेज, वारा, आकाश ही पाच भुते. स्थूल रूपातल्या प्रत्येक भुतात अर्धा भाग स्वतःचा आणि इतर चौघांचा एक-एक अष्टमांश. अपूर्णांकाची बेरीज करून पाहा, पूर्ण एक येतो. याच मिश्रणातून देह झाला. म्हणजे कैद्याचा देह आणि पहारेकऱ्याचा देह यांत सामान तेच! मग देह मी नाही, इंद्रिये मी नाही, मनही मी नाही, असे वेगळे काढत गेले की जो पाहणारा उरतो, तो सर्वांत एकच आहे, असे वेदान्त म्हणतो. त्या हिशेबात मी दुसरा का झालो नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण दुसरा कोणी नाहीच.

गंमत पाहा, पुढे बिदरच्याच राजघराण्यातले मानले जाणारे मुंतोजी मृत्युंजय या नावाने मराठीत वेदान्त लिहू लागले. त्यांची समाधी आपल्या बसवकल्याणजवळ नारायणपूरला मानली जाते. एक मुलगा दुसरा होता होता वाचला, दुसऱ्याने आपणहून नाव बदलले, आणि दोघांनी शोधले एकच. आपली मुले घरी मी म्हणतात, बाजारात नानु म्हणतात, मैदानावर मैं म्हणतात. बोलणारा तोच असतो.

दासोपंतांनी १६१५ च्या सुमारास अंबाजोगाईला देह ठेवला. तिथे त्यांची समाधी आहे.

हे सगळे आम्ही त्या मुलाला वर्गात बोलावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले की सगळ्यांत मी एकच असेल, तर माझी दाढ दुखते तेव्हा मित्राला का कळत नाही. आम्ही अजून विचार करत आहोत.