चार हजार मैल चाललेली मुलगी

वाचन: प्रेषितांची कृत्ये 17:24-28

अथेनैच्या लोकांशी बोलताना पौल एका दमात दोन गोष्टी सांगतो. माणूस देवाला चाचपडत शोधतोय, आणि देव मात्र हाताच्या अंतरावर आहे. मग सापडायला एवढा वेळ का लागतो? हे वाचन आलं की मला दरवेळी पंडिता रमाबाई आठवतात.

आपल्यातल्या बहुतेकांना रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक धडा. पण त्यांचं सगळं आयुष्य एक शोध होता, आणि तो पायी केलेला होता. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या काळात त्यावरून मोठा वाद झाला. आईने मग पहाटे उठवून रमेला शिकवलं. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळालेल्या दक्षिणेवर जगायचं. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ होते.

मग दुष्काळ पडला. होतं ते सगळं विकून झालं, उपास झाले, अकरा दिवस पाणी आणि रानातल्या पाल्यावर काढले. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघं चालत राहिले, चार हजार मैलांहून जास्त, काश्मीरपासून बंगालपर्यंत. थंडीत पांघरूण नाही म्हणून कधी खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून झोपायचं. एवढं करूनही देव भेटला नाही, ही जखम तिच्या मनात राहिली.

1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच भावंडं पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका सभेला गेली. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी बोलत होती. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असंच दोघांना वाटलं! (बाहेरून आलेल्या माणसाला आपली प्रार्थना कशी दिसत असेल, याचा विचार आपण कधी करतो का?)

भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी तिने लग्न केलं. सिल्चरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमान सापडलं आणि ती त्यात रमली. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. वय तेवीस, कडेवर छोटी मनोरमा.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधलं फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे माया मिळत होती. असं कोण वागतं आणि का, हा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आपण साक्ष इथेच संपवतो, नाही का? बाप्तिस्मा झाला, हालेलुया. पण रमाबाईंची खरी गोष्ट मला त्यापुढे दिसते. त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, सभा गाजवल्या, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. सेवा जोरात होती. आणि मन? रिकामंच. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने पटवून घेतला, पण खुद्द ख्रिस्त आपल्याला मिळालाच नाही, हे त्यांना आतून कळत होतं. याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हा माणूस पाळक होऊन बरीच वर्षं झाल्यावर, स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करताना पालटला होता! ते वाचून रमाबाई हादरल्या. 1891 च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, त्यांनी काहीही अट न घालता स्वतःला प्रभूच्या हाती दिलं. कुठे चालत जायचं नव्हतं, काही मिळवून दाखवायचं नव्हतं.

मला हा भाग टोचतो. रविवारी गिटार वाजवणं, ग्रुपवर रोज वचन टाकणं, युथ मीटिंगची धावपळ, यात मीही कित्येक महिने असेच काढलेत.

यानंतर त्यांचं सगळं सोपं झालं असं नाही. मुलींना बाटवतात म्हणून पुण्यात 1893 मध्ये गदारोळ झाला, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. तीनेक वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्या उपाशी पोरींमध्ये त्यांना कोण दिसलं असेल, हे सांगायला नको. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पुणे-दौंड लाइनवर आजही ते स्टेशन लागतं. 1905 मध्ये तिथे मोठं संजीवन झालं, मुली तासन्‌तास प्रार्थना करत.

शेवटची वर्षं मात्र त्यांनी टेबलाशी घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आणि बघा, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण जड संस्कृत शब्द त्या मुद्दाम टाळत होत्या. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कोणाला न विचारता वाचता यावं, एवढीच त्यांची इच्छा. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतर पूर्ण झालं होतं. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी.