दूरचित्रवाणीचा ध्यास

जॉन लोगी बेअर्ड यांचा जन्म १८८८ साली स्कॉटलंडमधील हेलन्सबर्ग या गावी झाला. प्रकृती नाजूक, गाठीला पैसा नाही. परंतु दूरचे दृश्य घरबसल्या दिसावे, हा एकच ध्यास त्यांना लागला होता. चहाचे खोके, सायकलच्या दिव्याची भिंगे अशा वस्तूंतून त्यांनी यंत्र उभारले. त्यातील फिरत्या चकतीचे एकेक भोक दृश्याची एकेक रेषा टिपी. रेषेतील उजेड-अंधारानुसार विजेचा प्रवाह कमीअधिक होई आणि दुसऱ्या टोकाला त्यातूनच पुन्हा चित्र उमटे. १९२५ साली एका बाहुल्याचा चेहरा स्पष्ट दिसताच ते धावत खाली गेले आणि कचेरीतील एका मुलाला आणून त्यांनी यंत्रापुढे बसविले.

ते चित्र अवघ्या तीसेक रेषांचे होते. रेषा जितक्या अधिक, तितके चित्र रेखीव. बेअर्ड २४० रेषांपर्यंत पोहोचले. परंतु ४०५ रेषांची, चकतीवाचून चालणारी दुसरी पद्धत सरस ठरली आणि १९३७ साली ब्रिटनच्या प्रक्षेपणासाठी तीच कायम झाली. बेअर्ड खचले नाहीत. ज्या तत्त्वाने त्यांना मागे टाकले, तेच आत्मसात करून १९४४ साली त्यांनी रंगीत चित्र दाखविले. १९४६ साली त्यांचे निधन झाले. ती चकती इतिहासजमा झाली. पडद्यावरील चित्र मात्र आजही ओळीओळींनीच रचले जाते.