रुग्णांऐवजी खडक तपासणारा डॉक्टर

भूविज्ञानाचे जनक मानले जाणारे जेम्स हटन शिक्षणाने डॉक्टर होते. त्यांचा जन्म ३ जून १७२६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. १७४९ मध्ये लायडन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. काजळीपासून नवसागर बनवण्याच्या उद्योगात भागीदारी केली आणि वडिलोपार्जित जमिनीवर शेती केली. पावसाबरोबर माती वाहून जाते, मग नवी जमीन तयार होते कशी, हा प्रश्न त्यांना पडला.

ग्रॅनाइट आणि शिस्टसारखे खडक आदिम महासागराच्या पाण्यातून साक्याप्रमाणे खाली बसले, असा त्या काळी अनेकांचा समज होता. हटन यांनी १७८५ मध्ये वेगळा सिद्धांत मांडला. समुद्रतळाशी साचलेला गाळ भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने घट्ट होतो, बदलतो आणि पुन्हा वर उचलला जातो. त्याच वर्षी ग्लेन टिल्टच्या दरीत त्यांना शिस्टचे थर भेदून गेलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा आढळल्या. ग्रॅनाइट वितळलेल्या स्थितीत आत घुसल्याचा तो पुरावा होता.

१७९३ मध्ये रिचर्ड किरवन यांनी या सिद्धांतावर कडाडून टीका केली. हटन तेव्हा मूत्रमार्गाच्या गंभीर आजाराशी झुंजत होते. तरीही त्यांनी आपला ग्रंथ लिहून काढला. त्याचे दोन खंड १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. २६ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी बंदिस्त नळीत चुनखडी तापवून संगमरवरासारखा खडक बनवला. चार्ल्स लायेल यांनी १८३३ मध्ये अशा बदललेल्या खडकांना ‘रूपांतरित’ हे नाव रूढ केले.

या खडकांतील पट्टे कसे पडतात, हे आज ठाऊक आहे. दाबामुळे अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेत रचले जातात आणि शिस्ट तयार होतो. तापमान आणखी वाढले, की क्वार्ट्‌झ व फेल्डस्पारचे फिकट आणि अभ्रक व हॉर्नब्लेंडचे गडद पट्टे वेगळे होतात, हाच पट्टिताश्म. त्यातील खनिजांवरून तो किती खोल गेला, किती तापला, हे कळते. कॅनडातील अकास्टा येथील पट्टिताश्म सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीचे वय मानवी कल्पनेपलीकडचे आहे, हे हटन यांचे म्हणणे त्याने आकड्यांत सिद्ध केले.